नावामागचे गाव
(दुबई येथील कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



गेल्या वर्षी येथे दुबईत माझी नात एक अर्ज भरीत होती. आडनावाच्या रकान्यापाशी ती थांबली. "आजी, येथे आपण पूर्वजाचे नावच लिहितो. मग आपले आडनाव कोणते?"

मी निरुत्तर झाले. रुग्णालयातील सेवेत हजारो केसपेपरांवर मी रुग्णाचे नाव आणि गाव लिहून घेतले. माझ्या परिचर्येच्या पदविकेवर मात्र माझे, वडिलांचे व आजोबांचे नाव आहे, गाव नाही.

उत्तर मिळाले ते घरातील जीर्ण प्रार्थनापुस्तकात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पणजोबांनी त्याच्या कोऱ्या पानावर थोरल्या मुलाच्या जन्माची नोंद मोडी लिपीत केली होती. मोडीच्या एका जाणकाराने खालची सही वाचून दाखविली. तिचा शेवटचा शब्द होता 'पेणकर'. मुंबईत आल्यावर आमच्या घराने तो गाळला होता.

कोकणात आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शब्बाथला ते बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. नावांनीही मराठी वळण घेतले. शमुएलचा समाजी झाला, यहेज्केलचा हसाजी. रोह्याचे ते रोहेकर, झिराडचे ते झिराडकर. मुंबईत १७९६ साली आपल्या समाजाचे पहिले सिनेगॉग बांधणारे समाजी हसाजी दिवेकर पाहा: स्वतःचे नाव, पित्याचे नाव, गाव, माणसाचा पूर्ण पत्ता त्यात आहे. कामा हॉस्पिटलचा कारभार सांभाळणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड यांच्या नावातून 'कर' गेला, तरी गाव राहिले. आम्हा परिचारिकांना त्यांचे नाव आदराचे.

हा वारसा लिहून ठेवण्याचे श्रेय हाईम शमुएल केहिमकर यांना. जन्म १८३०चा, आडनाव अलिबागजवळच्या किहीम गावावरून आलेले. तेथून जवळच नवगाव. जहाज फुटून आपले पूर्वज याच किनाऱ्याला लागले, अशी आपली परंपरा सांगते. केहिमकरांनी १८७५ साली मुंबईत समाजाच्या मुलांसाठी इस्राएली शाळा उभी केली. वृद्धांच्या आठवणी, चालीरीती, सण यांवरून त्यांनी समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहिला. १८९७ साली तो पूर्ण झाला. ग्रंथ छापला गेला १९३७ साली, तेल अवीव येथे. तोवर केहिमकर हयात नव्हते. चाळीस वर्षे ते हस्तलिखित कोणीतरी जपले, म्हणून आज आपल्या हाती आहे. आमच्या पणजोबांच्या सहीलाही एका जुन्या पुस्तकानेच जपले.

ज्या समुद्राकाठी आज आपण जमलो आहोत, तो आपल्या कोकणाला परका नाही. दहाव्या शतकात अरब प्रवासी मसूदी चौलला गेला, तेव्हा ओमानचे व्यापारी तेथे वस्ती करून होते. अबू धाबीत २०२३पासून मोशे बेन मैमून यांच्या नावाचे सिनेगॉग आहे. त्यांचा भाऊ दावीद व्यापारासाठी निघाला असता हिंदी महासागरातच बुडाला.

नातीच्या पारपत्रावरील नाव आता बदलणार नाही, तशी माझी इच्छाही नाही. पण आमच्या प्रार्थनापुस्तकात पणजोबांच्या सहीखाली तिने स्वतःचे नाव मराठीत लिहिले आणि पुढे 'पेणकर' जोडले. आपणही घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना गाव विचारा आणि त्याच रात्री लिहून ठेवा. सांगणारे फार काळ थांबत नाहीत, हे मी रुग्णशय्यांजवळ पाहिले आहे.

शालोम.