रात्री मनाचा त्रास वाढला तर: आधी फोन की थेट दवाखाना?

मनाचा त्रास अनेकदा रात्री वाढतो. झोप येत नाही, रडू आवरत नाही, जगणे नको वाटते. त्या वेळी ओपीडी बंद असते. शिरपूरहून धुळ्याला न्यावे की सकाळपर्यंत थांबावे, हे घरच्यांना कळत नाही.

आधी फोन कधी करावा?
चिंता, घरातील भांडण, कर्जाचा किंवा परीक्षेचा ताण असेल तर १४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा असून १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती मोफत आणि चोवीस तास आहे. साधा मोबाइल चालतो, मराठीत बोलता येते. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात आणि गरजेनुसार मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात. रुग्ण तयार नसेल तर नातेवाईकही फोन करू शकतात.

मरणाचे विचार येत असतील तर फोन करा, पण त्या व्यक्तीला एकटे सोडू नका. “जीव द्यावासा वाटतो का?” असे शांतपणे थेट विचारा. विचारल्याने तसा विचार डोक्यात येतो, हा गैरसमज आहे. फवारणीचे औषध, गोळ्या, दोर नजरेआड करून कुलपात ठेवा.

थेट दवाखान्यात कधी न्यावे?
- विष किंवा जास्त गोळ्या घेतल्या असतील, स्वतःला इजा केली असेल
- जीव देण्याची तयारी केली असेल किंवा दुसऱ्यावर हल्ला करत असेल
- ताप, डोक्याला मार, फिट किंवा अचानक असंबद्ध बोलणे
- दारू सोडल्यावर थरथर, भास
- बाळंतपणानंतर अचानक विचित्र वागणे
- छातीत दुखणे, दम लागणे. याला ‘टेन्शन’ समजू नका

अशा वेळी १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या. विष घेतले असेल तर उलटी करवू नका. औषधाची बाटली सोबत न्या. पोलिस केसच्या भीतीने उशीर करू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते. तिला मदत मिळावी हा हेतू आहे.

दुसऱ्या दिवशी
रात्र निभावली म्हणजे आजार बरा झाला असे नाही. जवळच्या डॉक्टरांना दाखवा. धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. १४४१६ हा क्रमांक आजच घरातील सर्वांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.