तीन हजार मैलांमागचा हिवाळा

गाडीचं ऑइल किती किलोमीटरला बदलायचं, असं गॅरेजमध्ये विचारा नाहीतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये, उत्तर ठरलेलं असतं: पाच हजार. अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या हेच उत्तर तीन हजार मैल असं दिलं गेलं. मला जुन्या मोटारींची माहितीपुस्तकं आणि जाहिराती चाळायचा नाद आहे. त्या नादात अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा १९५०च्या दशकातला एक सल्ला हाती लागला, आणि तेव्हापासून या आकड्यानं माझी पाठ सोडलेली नाही. सल्ला असा: हिवाळ्यात दर ३० दिवसांनी ऑइल बदला, उन्हाळ्यात दर ६० दिवसांनी बदला, आणि काहीही झालं तरी २,००० मैलांच्या पुढे जाऊ नका.

या सल्ल्यात आधी दिवस येतात, मैल शेवटी. आणि हिवाळ्याची मुदत उन्हाळ्याच्या बरोबर निम्मी आहे. गाडी पळाल्यामुळे तेल झिजत असतं, तर उन्हाळ्यात सहलींना पळणाऱ्या गाडीचं तेल आधी बदलायला सांगितलं असतं. सांगितलंय ते उलटं. माझं म्हणणं एवढंच आहे की हा आकडा मुळात थंडीचा आहे. पुढे त्यातला हिवाळा गळून पडला आणि मैल तेवढे शिल्लक राहिले.

या आकड्याचं कूळ सांगायचं तर आधीचे टप्पे भराभर उरकतो. पूर्वी यंत्राचं तेल कुणी बदलतच नसे, कारण ते यंत्रात टिकतच नसे. बैलगाडीच्या कण्याला वंगण घालायचं, ते गळून जायचं, पुन्हा घालायचं. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची फिरती इंजिनं तर एरंडेल घ्यायची आणि धुराबरोबर बाहेर फेकायची. कॅस्ट्रॉल या नावातही कॅस्टर म्हणजे आपला एरंडच आहे. आपल्याकडे बजाजच्या जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरवाल्यांनी हीच रीत चालवली: टू-टी ऑइल पेट्रोलमध्ये मिसळायचं आणि जाळून टाकायचं. इंजिनाचं ऑइल बदलणं हा प्रकार त्यांच्या वाट्याला आला तो फोर-स्ट्रोक गाड्यांबरोबर. तेच तेल इंजिनाच्या तळाशी साठवून पुन्हापुन्हा फिरवायचं ठरलं, तेव्हाच ते ‘खराब होणारी’ वस्तू झालं. फोर्डच्या मॉडेल टीच्या काळात ते हजार मैलांच्या आतबाहेरच काढून टाकायला सांगत.

आता खरा प्रश्न. हे तेल खराब कशानं होतं?

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. इंजिन तापलेलं असेल तर त्याची वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. गार इंजिनात मात्र त्यातली थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांमधून खाली उतरते आणि तेलाच्या टाकीत तिचं पाणी होतं. त्यात कार्ब्युरेटरच्या काळात गार इंजिन चालू करायला चोक ओढायचा, म्हणजे पेट्रोल मुद्दाम जास्त सोडायचं. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून त्याच तेलात जायचं. म्हणजे तेलात पाणी, पेट्रोल आणि काजळी. गाडी तासभर पळाली तर तेल चांगलं तापतं, पाणी आणि बरंचसं पेट्रोल उडून जातं. पण दोन मैलांवरच्या दुकानात जाऊन परत यायचं असेल तर तेल तापायच्या आत इंजिन बंद होतं. मिशिगन-मिनेसोटाच्या हिवाळ्यात असं महिनोन्‌महिने चालायचं. शेवटी टाकीत काळा, मऊ गाळ साठायचा, तो पंपाची जाळी तुंबवायचा आणि बेअरिंगं उपाशी मरायची. याचं सौम्य रूप आपल्याकडेही बघायला मिळतं. पावसाळ्यात रोज जेमतेम दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीचं ऑइल भरायचं टोपण उघडून उलटं करा. आतल्या बाजूला अनेकदा पिवळट पांढरा, सायीसारखा लेप दिसतो. ते तेलात घुसळलं गेलेलं पाणी आहे.

थंडीचा दुसराही एक धागा आहे. तेलाच्या डब्यावर १० डब्ल्यू ३० असं लिहिलेलं असतं, त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. अशी दुहेरी दर्जाची तेलं अमेरिकेत १९५०च्या दशकात रुळली. त्याआधी एका तेलाला एकच जाडी असे. उन्हाळ्यातलं ३० नंबरचं तेल कडाक्याच्या थंडीत काकवीसारखं घट्ट व्हायचं आणि स्टार्टरला इंजिन फिरवता यायचं नाही. म्हणून हिवाळा लागला की पातळ तेल घालायचं, वसंतात पुन्हा जाड. तेल चांगलं असो की वाईट, ऋतू बदलला की ते काढावंच लागे. ऑइल बदलायची सवय लोकांच्या अंगी मुरली ती अशी, पंचांगासारखी.

मग मैल आले कुठून? इथे मला एक हिशोब फार बोलका वाटतो. सल्ल्यात ६० दिवस आणि २,००० मैल शेजारी शेजारी बसलेत, म्हणजे महिन्याला १,००० मैल. फोर्डनं १९६१मध्ये वॉरंटी दिली ती १२ महिने किंवा १२,००० मैल. पुन्हा महिन्याला १,०००. अमेरिकन माणूस वर्षाला दहा-बारा हजार मैल गाडी चालवतो असं धरून हे आकडे बेतले होते. आता ‘तीन महिने किंवा तीन हजार मैल’ हे वाक्य त्याच मापानं वाचा. तीन महिने म्हणजे एक ऋतू. तीन हजार मैल म्हणजे एका ऋतूचं सरासरी फिरणं. मैल हे दिवसांचं भाषांतर आहे, असं मी ठामपणे म्हणतो.

याविरुद्ध तीन मतं आहेत, आणि तिन्ही वजनदार आहेत.

पहिलं मत फिल्टरवाल्यांचं. जुन्या गाड्यांना ऑइल फिल्टर नव्हता, म्हणून तेल लवकर बदलावं लागे, असं ते म्हणतात. स्वीटलंड आणि ग्रीनहाल्ग या जोडीनं १९२३मध्ये प्युरोलेटर फिल्टर आणला, १९२४च्या क्रायस्लर गाडीत तो बसला, तरी पुढे कित्येक वर्षं अनेक साध्या गाड्यांना तो वेगळे पैसे मोजूनच मिळे. हे सगळं खरं. पण फिल्टर धूळ आणि धातूचे कण अडवतो. तेलात मिसळलेलं पेट्रोल आणि पाणी त्याच्या कागदातून आरपार जातं. नुसता फिल्टर मुदत ठरवत असता, तर हिवाळ्याला वेगळा नियम लागलाच नसता.

दुसरं मत शिशाचं, आणि ते मला जास्त झुलवतं. १९२३पासून अमेरिकेत पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालू लागले. शिसं सिलिंडरमध्ये साठू नये म्हणून त्याच्यासोबत ब्रोमीन आणि क्लोरीनची संयुगं घालावी लागत. ती जळली की आम्लं तयार व्हायची, तेलात उतरायची आणि धातू खायची. पण आम्लाला चावायला पाणी लागतं, आणि पाणी साठतं गार इंजिनात. म्हणजे शिशानं हिवाळ्याचेच दात धारदार केले. शिवाय १९७५पासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, त्यांच्यापायी शिसं जाऊ लागलं, आणि तीन हजारांचा आकडा मात्र जागचा हलला नाही.

तिसरं मत सगळ्यात लोकप्रिय: हा आकडा झटपट ऑइल बदलून देणाऱ्या दुकानांनी पैशासाठी काढला. जिफी लूब ही त्यांतली सगळ्यात नावाजलेली साखळी. तिची सुरुवात युटातल्या ऑग्डेनमध्ये १९७१ची. काम झालं की काचेच्या वरच्या कोपऱ्यात एक पारदर्शक स्टिकर लागायचा. त्यावर पुढची तारीख आणि पुढचा मैलांचा आकडा. ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर तो रोज असे. या दुकानांनी आकडा गल्लोगल्ली पोचवला हे मी मान्य करतो, पण तो त्यांनी जन्माला घातला हे मान्य करत नाही. त्यांच्या आधी, १९६०च्या दशकात फोर्ड ६,००० मैलांवर पोचली होती. मग दुकानांना तीन हजार मिळाले कुठे? उत्तर जनरल मोटर्सच्या १९८०च्या दशकातल्या माहितीपुस्तकांत आहे. त्यांत दोन वेळापत्रकं असत. साधा वापर असेल तर ७,५०० मैल किंवा १२ महिने. खडतर वापर असेल तर ३,००० मैल किंवा ३ महिने. आणि खडतर वापर म्हणजे काय? बहुतेक फेऱ्या ४ मैलांपेक्षा लहान, किंवा बाहेर पाणी गोठवणारी थंडी आणि फेऱ्या १० मैलांपेक्षा लहान. धूळ, ट्रेलर ओढणं, तासन्‌तास इंजिन नुसतं चालू ठेवणं हेही त्यात आहे, पण थंडी आणि छोटी फेरी तिथे ठळकपणे बसली आहेत. दुकानांनी हे हिवाळी वेळापत्रक उचललं आणि फ्लोरिडापासून कॅलिफोर्नियापर्यंत बारा महिने सगळ्यांना लावलं. पुढे खुद्द कॅलिफोर्निया सरकारला मोहीम काढून सांगावं लागलं की तीन हजारांच्या मागे लागू नका, आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडा बघा.

माझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा न्यूयॉर्कच्या टॅक्सींचा आहे, जरी लोक तो वेगळ्याच कामाला वापरतात. ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्स’ मासिकानं ७५ टॅक्सी ६०,००० मैल चालवून घेतल्या. काहींचं तेल ३,००० मैलांना बदललं, काहींचं ६,०००ला. १९९६मध्ये निकाल छापला: इंजिनं खोलून मोजली, झिजेत सांगण्यासारखा फरक नाही. यावरून तीन हजार हे थोतांड आहे असा निष्कर्ष निघाला, आणि टीकाकार म्हणाले, टॅक्सी कधी गार पडतच नाही, हा प्रयोग घरगुती गाडीला लागू नाही. मला वाटतं टीकाकारांचं म्हणणं हाच प्रयोगाचा खरा निकाल आहे. मैल तेवढेच, गर्दी तीच, खड्डे तेच. नव्हता तो फक्त गार इंजिनाचा त्रास. तो काढून घेतला आणि तीन हजारांची गरज उरली नाही.

जनरल मोटर्सच्या संशोधन केंद्रात शर्ली श्वार्ट्झ आणि डोनाल्ड स्मोलेन्स्की याच निष्कर्षावर आधीच पोचले होते. त्यांनी बनवलेला ऑइलचा इशारा देणारा संगणक १९८८च्या ओल्ड्समोबिलमध्ये बसला. मला त्यातली एक गोष्ट विलक्षण वाटते. हा संगणक तेलाला हातही लावत नाही. इंजिनाचे फेरे आणि तेलाचं तापमान यांचा हिशोब ठेवतो, आणि गार इंजिनाच्या फेऱ्यांना जास्त दंड लावतो. ३० आणि ६० दिवसांच्या जुन्या नियमाला जे ढोबळपणे कळलं होतं, ते इथे गणितात उतरलं.

आणि आपले पाच हजार? तीन हजार मैल म्हणजे ४,८२८ किलोमीटर. माझा अंदाज असा की दशमान पद्धतीनंतर मैलांचे दगड गेले, तसा हाही आकडा गोल होऊन किलोमीटरमध्ये आला. कुर्ल्याला फियाट बनत होती आणि इटलीत मुळातच किलोमीटर चालतात, तेव्हा पाच हजार थेट तिकडून आले असतील, असंही कुणी म्हणेल. पण मैलांत मोजणाऱ्या ब्रिटिश वळणाच्या गाड्या, त्यांची पुस्तकं आणि त्यांवर हात बसलेले मेकॅनिक आपल्याकडे आधीपासून होते, म्हणून माझं पारडं मैलांकडे झुकतं. आकडा आला तेव्हा त्याच्यासोबतचा हिवाळा मात्र आला नाही. आपल्याकडे त्या जागी दुसरी कारणं उभी राहिली: धूळ, डिझेलमधलं भरमसाट गंधक आणि पेट्रोलमधली रॉकेलची भेसळ. रॉकेल उशिरा उडतं, न जळता तेलात उतरतं आणि तेल पातळ करतं. गार इंजिनातलं पेट्रोल करतं तेच. ही भेसळ किती क्रूर धंदा होता, हे २०११मध्ये मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जाळून मारलं तेव्हा सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. त्या काळात पाच हजारांना ऑइल बदलणारा माणूस शहाणाच होता.

आता पेट्रोल-डिझेलमधलं गंधक दहा लाखांत दहा भागांवर आलं आहे, शिसं २०००मध्येच गेलं, आणि मारुतीच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतलं आधी येईल ते, अशी मुदत आहे. डिपस्टिकवरचा थेंब बोटांत चोळून ‘काळं पडलंय, बदला’ म्हणणाऱ्याचं मात्र ऐकू नये. १९३०च्या दशकात तेलात मळ धुणारी रसायनं आली, तेव्हापासून चांगलं तेल काजळी स्वतःत धरून ठेवतं आणि म्हणून काळं होतं. डिझेल गाडीत तर ते काही दिवसांतच काळं पडतं.

समृद्धीवरून नागपूर-मुंबई करणाऱ्यानं किलोमीटर मोजावेत आणि दहा हजारांपर्यंत निश्चिंत राहावं. पण मुलांना शाळेत सोडणं आणि भाजी आणणं यापलीकडे जिची धाव नाही, ती गाडी वर्षाला तीन हजार किलोमीटरही भरत नाही, आणि तिचं इंजिन पुण्याच्या उन्हातसुद्धा रोज अर्धवट तापून बंद होतं. माहितीपुस्तकात खडतर वापराचं वेगळं पान असेल तर ते तिच्यासाठी आहे. तिच्या मालकानं ओडोमीटरकडे बघूच नये. वर्ष भरलं की ऑइल बदलावं, आणि टोपणाखाली तो पांढरा लेप दिसला तर सहा महिन्यांनीच.