वऱ्हाडच्या मुलांनी कॉलेज कसे निवडले



बारावीचा निकाल लागला की आमच्या युनियनच्या कचेरीत आईबाप गुणपत्रिका घेऊन येतात. हमालीचा दर ठरवून घेणाऱ्या माणसाला कॉलेजातलेही कळत असेल, असा त्यांचा भोळा विश्वास. मी स्वतः विद्यार्थी म्हणून कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे वाचले ते दिवसाचे काम आटोपल्यावर, ग्रंथालयात बसून. काही वर्षांपूर्वी एक हमाल म्हणाला, "भाऊ, पोरासाठी जवळचं एखादं कॉलेज सांगा." मी जवळचे सांगितले. मुलाला हव्या त्या विषयाला तेथे शिक्षकच नव्हता, हे दुसऱ्या वर्षी कळले. आज तो मुलगा बापाशेजारी पोती उचलतो. ही चूक माझी. तेव्हापासून आपल्या मुलुखात मुलांनी कॉलेज कसे निवडले, हे मी वाचीत आलो.

आरंभी निवडीचा प्रश्नच नव्हता. १८५४ साली जन्मलेले आपल्या वऱ्हाडचे दादासाहेब खापर्डे शिकले ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात. पुढे नागपुरास १८८३ साली हिस्लॉप व १८८५ साली मॉरिस कॉलेज निघाले. वऱ्हाडात मात्र १९२३ साली अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज उघडेपर्यंत वाट पाहावी लागली. वाशीम १९०५ पर्यंत जिल्ह्याचे ठिकाण होते. तरी पदवीसाठी येथल्या मुलाला परमुलुख गाठणे भाग होते. तेव्हा खरी निवड कॉलेजची नसे. कोणाच्या ओसरीवर अंथरूण टाकता येईल आणि कोठे वार लावून जेवता येईल, याची असे. आणि वाराचे ते ताट शेतकऱ्याच्या किंवा अस्पृश्य मानलेल्या जातीच्या मुलापुढे कोण वाढणार?

ही अडचण ज्यांनी स्वतः पाहिली, त्यांनीच पुढे दारे उघडली. पापळ गावचे पंजाबराव देशमुख पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात व नंतर विलायतेस शिकले आणि परत येऊन त्यांनी १९३२ साली अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, तेव्हा वर्ग सकाळचे ठेवले. का? तर नोकरी करणाऱ्या मुलाला शिकून कामावर जाता यावे म्हणून. १९५० साली औरंगाबादेस निघालेल्या त्यांच्या कॉलेजाने, आजच्या मिलिंद महाविद्यालयाने, गरीब मुलांच्या राहण्याचीही चिंता वाहिली. आम्हा कामगारांना हा धडा मोलाचा वाटतो. विद्यार्थ्याची भाकरी, त्याचे अंथरूण आणि त्याची वेळ पाहून येथे कॉलेज उभे राहिले.

आता काळ पालटला. १९८३ साली अमरावतीस विद्यापीठ झाले. त्याच साली महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना वाट मोकळी झाली. १९९८ साली वाशीम पुन्हा जिल्हा झाला. पूर्वी नावे नव्हती म्हणून मूल अडत होते, आता नावे फार म्हणून अडते. तथापि विचारायचे प्रश्न तेच आहेत. राहणार कोठे? वर्षाचा सगळा खर्च किती, केवळ फी नव्हे? तास केव्हा? आणि सर्वांत आधी, मुलाला आवडणारा विषय तेथे शिकवतो कोण? करारावर सही करण्यापूर्वी आम्ही प्रत्येक कलम वाचतो. प्रवेशअर्जावरची सही याहून हलकी कशी मानावी?

गेल्या उन्हाळ्यात एका हमालाची मुलगी बापाबरोबर आली. बाप म्हणाला, "भाऊ, जवळचंच सांगा." मी यावेळी काहीच सांगितले नाही. मुलीला वही दिली, हे चार प्रश्न लिहून घ्यायला लावले आणि बापाला म्हटले, "एक दिवसाची मजुरी बुडू दे, पण पोरीला घेऊन दोन कॉलेजं डोळ्यांनी पाहून ये." आठवड्याने ती आली. वहीत दोन्ही कॉलेजांपुढे उत्तरे होती, आणि एका नावाखाली तिने स्वतःच्या हाताने रेघ ओढली होती.

ते कॉलेज जवळचे नव्हते. वसतिगृहाचा अर्ज मात्र बापाने आमच्याच कचेरीत बसून भरला.