‘ईना मीना डीका’ आणि श्रेयनामावलीत न मावलेली माणसे

#थ्रेड

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि मलकापूरची राजधानी नागपूरऐवजी मुंबई झाली. पुढच्याच वर्षी त्या मुंबईतून एक गाणे बाहेर पडले : ‘आशा’ चित्रपटातील ‘ईना मीना डीका’. हिंदी चित्रपटातील आरंभीच्या रॉक अँड रोल गीतांत त्याची गणना होते. ते घडवणारा संगीतकार मराठी होता, आणि त्याच्या मागे वाद्ये घेऊन बसलेली बरीच मंडळी गोवेकर होती.

संगीतकाराचे नाव सर्वांना ठाऊक आहे. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र. जन्म १९१८, पुणतांबे. शिक्षण पूर्णपणे रागदारीचे : नागपुरात शंकरराव सप्रे आणि पुण्यात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे. अशा तालमीतून आलेल्या माणसाने १९४७च्या ‘शहनाई’मध्ये ‘आना मेरी जान’सारखे पाश्चात्त्य ढंगाचे गाणे द्यावे, याचे अनेकांना नवल वाटते. मला ते तितकेसे वाटत नाही. ज्याचा सूर पक्का असतो, त्याला परक्या वाद्याचे भय नसते.

परंतु सूर सुचणे वेगळे आणि तो पंधरा-वीस वादकांकडून एकाच वेळी वाजवून घेणे वेगळे. आपल्या परंपरेत संगीत कानाने शिकतात. ते कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याला स्वतंत्र ओळ देण्याची रीत नव्हती. गोव्यात मात्र पोर्तुगीज अमलात चर्चला जोडलेल्या शाळांमधून लहान मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत. हेतू प्रार्थनासंगीताचा होता. त्याचे फळ मिळाले ते मुंबईच्या हॉटेलांना आणि चित्रपटसृष्टीला.

त्यांपैकीच एक अँटोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, हळदोणे. व्यावसायिक नाव चिक चॉकलेट. लुई आर्मस्ट्राँगच्या शैलीत ट्रंपेट वाजवणारा हा कलावंत मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आपला वाद्यवृंद घेऊन उभा राही आणि सी. रामचंद्रांसाठी स्टुडिओतही काम करी. १९५१चा ‘अलबेला’ पाहा. नायक आणि दिग्दर्शक भगवानदादा, म्हणजे आपल्या वऱ्हाडातील अमरावतीत जन्मलेले भगवान आबाजी पालव. ‘दीवाना ये परवाना’ या गाण्यात चिक आणि त्याचे साथीदार प्रत्यक्ष पडद्यावर दिसतात. एरवी अशा मंडळींचे तोंड प्रेक्षकाला दिसत नसे.

‘ईना मीना डीका’बद्दल असे सांगतात की, सी. रामचंद्रांच्या खोलीबाहेर मुले खेळताना इंग्रजी मोजणीचे बडबडगीत म्हणत होती आणि त्यावरून मुखडा सुचला. त्यांचे गोवेकर सहायक जॉन गोम्स यांनी त्यात कोंकणीतील ‘मला नको’ या अर्थाच्या शब्दांची भर घातली. म्हणजे ज्या शब्दांना सारा देश निरर्थक समजून नाचला, त्यांतील काही शब्द कोंकणी माणसाला नीट कळत होते!

आता यातील विनोद पाहा. नभोवाणीमंत्रीही मराठीच होते : बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. १९५२ पासून त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांना अभिजात संगीताची गोडी लागावी ही त्यांची इच्छा. श्रोत्यांनी रेडिओची सुई फिरवून सिलोन लावले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली. ‘ईना मीना डीका’ त्याच वर्षीचे. केसकरांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही, पण त्यांनी श्रोत्यांना ओळखले नव्हते.

कार्डिफमधील ‘बजी’ या रॉक बँडचा बास गिटारवादक बर्क शेली २०२२ मध्ये वारला. त्याचा जन्म, बँडची स्थापना, प्रत्येक ध्वनिमुद्रिका, सारे नोंदलेले आहे. आपल्याकडे त्याच पिढीतल्या किंवा आधीच्या वादकाला पाळीप्रमाणे पैसे मिळत आणि श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव येई. ‘आशा’तील त्या गाण्याची किशोरकुमार आणि आशा भोसले अशी दोन रूपे आहेत. ती ऐकताना गाणाऱ्याकडे क्षणभर दुर्लक्ष करून तळाशी चालणाऱ्या खर्ज वाद्याकडे कान द्या. सारे गाणे त्याच्यावर उभे आहे.

चिक चॉकलेट १९६७ मध्ये, पन्नाशी जेमतेम ओलांडून, गेला. माजोर्डे येथील अँथनी गोन्साल्विस हे त्याच पिढीतले व्हायोलिनवादक आणि संगीत-संयोजक. प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत भारतीय रागांवर आधारित सिंफनी वाद्यवृंदाचा प्रयोग केला. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. १९६०च्या दशकात ते अमेरिकेला गेले आणि परतल्यावर गोव्यात निवृत्त जीवन जगू लागले. १९७७ मध्ये प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’तील एका गाण्यात गुरूचे नाव गुंफले. ते नाव घरोघरी पोहोचले, आणि १८ जानेवारी २०१२ रोजी गोन्साल्विस वारले तेव्हा, असा माणूस खरोखर होता, हे अनेकांना पहिल्यांदाच कळले.