तळटीप : सणापुरता संसार

७. चांद्र वर्षाच्या शेवटच्या रात्री चिनी घरांत सगळे एकत्र जेवतात. हे जेवण चुकवले तर थोरांच्या मनाला लागते; म्हणून वेगळी राहू लागलेली या प्रकरणातली नवराबायको एकाच गाडीने गावी येतात. सणात भांडण, रडणे, अशुभ बोलणे टाळायचे असते, त्यामुळे खरे सांगायला ही वेळ नसते. बऱ्याच भागांत दुसऱ्या दिवशी लेक नवऱ्यासह माहेरी जाते आणि भेटवस्तूही जोडीने नेते. ती एकटी उंबऱ्यात दिसली, तर न सांगताच सगळ्यांना कळते.

‘अर्ज दिलाय’ या उल्लेखामागे कायदा आहे. १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या चीनच्या नागरी संहितेच्या कलम १०७७ नुसार परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी अर्जानंतर ३० दिवस थांबावे लागते. तेवढ्यात दोघांपैकी कोणीही अर्ज मागे घेऊ शकतो. पुढच्या ३० दिवसांत दोघांनी स्वतः जाऊन प्रमाणपत्र मागितले नाही, तर अर्ज मागे घेतल्यासारखाच. म्हणजे जेवणाच्या रात्री ती कायद्याने नवराबायकोच आहेत.

वाचकाने या एकत्र येण्याला ढोंग म्हणू नये. आईवडिलांचा सण मोडू नये, ही माया खरी आहे. पण तिचा भार सुनेवर अधिक पडतो : सासूशेजारी बसून सारण भरलेल्या पाऱ्या मिटताना ‘नातवंड कधी?’ या प्रश्नाला हसून उत्तर तिलाच द्यावे लागते. पुढच्या प्रकरणातला तिचा संताप इथूनच समजून घ्यावा. — संपादक