भट्टीवरचा मृत्यू

टॉलस्टॉयच्या ‘तीन मृत्यू’ (१८५९) या कथेत टपालचौकीवरचा आजारी गाडीवान फ्योदोर चुलीवर निजून मरणाची वाट पाहत असतो. मराठी वाचक येथे अडखळतो. गुडघ्याएवढ्या चुलीवर माणूस निजणार कसा? मूळ रशियन शब्द ‘पेच’, आणि तो भाषांतरकाराला खरोखरच पेचात पाडतो. ‘चूल’ म्हटले तर वस्तू लहान होते, ‘भट्टी’ म्हटले तर घरपण हरवते.

रशियन खेड्यातील लाकडी घरात ही विटामातीची भट्टी खोलीचा मोठा भाग व्यापी. तिचे तत्त्व एवढेच, की जाळ थोडा वेळ आणि ऊब दिवसभर. सकाळी लाकडे घालून मोठा जाळ करायचा, जाड भिंती तापू द्यायच्या, निखारे विझले की धुराड्याची झडप लावायची. मग तो तापलेला ढीग रात्रीपर्यंत सावकाश उष्णता सोडत राही. झडप घाईने लावली तर निखाऱ्यांचा विषारी वायू कोंडून माणसे दगावत. पाव भाजणे, अन्न शिजवणे तिच्यातच होई.

धुराडे सर्वांच्या नशिबी नव्हते. ‘काळ्या’ घरांत धूर दारातून आणि झरोक्यातून बाहेर जाई, भिंती काजळत. पीटर द ग्रेटने १७१८ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये अशा भट्ट्या बांधण्यास मनाई केली. खेड्यांत त्या एकोणिसाव्या शतकातही टिकून होत्या.

भट्टीचा माथा ही घरातील सर्वांत उबदार जागा. ती वृद्धांची, मुलांची, आजाऱ्यांची. लोककथेतला आळशी येमेल्या तेथून उतरायलाच तयार नसतो. म्हणूनच फ्योदोरने आपला कोपरा अडवल्याची स्वयंपाकीण नस्तास्याची कुरकुर केवळ तुसडेपणाची ठरत नाही. तेथे ऊब मोजकी आहे, आणि ती मरणाऱ्याला देणे म्हणजे जगणाऱ्याने आपली सोडणे. कथेतील श्रीमंत बाई मात्र उबेच्या शोधात परदेशी निघालेली असते.

फ्योदोर मरतो त्या रात्री नस्तास्याला स्वप्न पडते: तो भट्टीवरून उतरून लाकडे फोडायला निघाला आहे. पुढे त्याच्या थडग्यावरील क्रुसासाठी एक झाड तोडले जाते. तोच कथेतला तिसरा मृत्यू. ज्या लाकडाने माणसाला ऊब दिली, तेच त्याची खूण होते. भट्टी समजल्यावाचून हा धागा हाती लागत नाही.