करोडगिरीच्या नाक्यावरून

परभणी-हिंगोलीकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी 'करोडगिरी नाका' अजून येतो. नातवंडांना वाटतं, करोडपतीशी काही संबंध असावा. संबंध आहे तो अकबराशी. १५७४-७५ च्या सुमारास त्याने एक कोटी दाम वसूल येईल एवढ्या मुलखावर एकेक अधिकारी नेमला. त्याला लोक करोडी म्हणू लागले. हे नाव फिरत फिरत निजामाच्या राज्यात आलं आणि तिथे जकात खात्याला चिकटलं.

परभणी म्हणजे तेव्हा निजामाचा जिल्हा, हिंगोली त्यातच. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड, म्हणजे इंग्रजी अंमल. पाणी तेच, दोन्ही काठांवर बोली जवळपास तीच. पण कापडाचा गठ्ठा अलीकडे आणला की तो परदेशी माल. नाक्यावर थांबायचं, गठ्ठा सोडायचा, किंमत ठरवून घ्यायची, जकात भरायची. नाणंसुद्धा वेगळं. निजामाचे सात हाली रुपये मोजावे तेव्हा इंग्रजांचे सहा कलदार मिळत.

ही जकात तरी निजामाच्या मर्जीची होती का? नव्हती. १८०२ मध्ये कंपनी सरकारने त्याच्याशी व्यापारी तह केला आणि कंपनीच्या मुलखातून येणाऱ्या मालावर पाच टक्क्यांची जकात ठरवून टाकली. आपल्याच सीमेवर किती जकात घ्यायची, हे राजाने दुसऱ्याला लिहून दिलं होतं. बदल्यात मच्छलीपट्टणचं बंदर वापरायची मुभा मिळाली. बरोबरीचा सौदा म्हणायला जीभ रेटत नाही.

आंतरराष्ट्रीय व्यापार कायद्याचा पाया तरी दुसरा काय आहे? ३० ऑक्टोबर १९४७ रोजी जिनिव्हात २३ देशांनी गॅट करारावर सह्या केल्या, त्यांत भारत होता. एकाला सवलत दिली तर ती सगळ्यांना द्यायची. जकात भरून आत आलेल्या मालाला देशी मालापेक्षा वाईट वागवायचं नाही. आणि जकातीचा जो कमाल दर लिहून दिला, त्याच्या वर जायचं नाही. १९९५ पासून हे सगळं जागतिक व्यापार संघटनेकडे आहे.

जिनिव्हात सह्या होत होत्या तेव्हा हैदराबाद संस्थान भारतात आलेलंच नव्हतं. मुक्तिसंग्रामातल्या पोरांनी सरहद्दीवरचे करोडगिरी नाके जाळले, ते याच दिवसांत. निजामाचं राज्य त्यांना रोज भेटायचं ते तिथेच. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान गेलं, पण नाके त्याच्याबरोबर गेले नाहीत. राज्यघटनेच्या ३०१ व्या कलमाने देशभर व्यापार मोकळा केला, तरी ३०६ व्या कलमाने हैदराबादसारख्या राज्यांना काही काळ आपली जकात चालू ठेवायची सोय दिली होती. ते कलम १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीत निघालं.

आता नाका बंदरावर आहे. परदेशी कापसावर २०२१ पासून ११ टक्के आयात शुल्क होतं. ते १९ ऑगस्ट २०२५ पासून माफ झालं आणि माफी त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. मानवत-सेलूच्या मोंढ्यात नवा कापूस येतो तो याच दिवसांत. कराराने जकातीला वरची मर्यादा घातली आहे. खालची घातलेली नाही.